औंध ते पंढरपूर : निवृत्त पशुवैद्यकासोबत माणदेशातून

सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या शिवेवर पसरलेला माणदेश पावसाच्या बाबतीत कायम उपाशी, पण जनावरांच्या बाबतीत श्रीमंत. खिलार बैल इथला, माडग्याळ मेंढी शेजारच्या जत तालुक्यातली, आणि पूर्वेला उतरलं की पंढरपुरी म्हैस. या पट्ट्यात उभी नोकरी पशुधन विकास अधिकारी म्हणून केलेले एक डॉक्टर या प्रवासात सोबत होते. मार्ग त्यांच्या बदल्यांचाच धरला : दहिवडी, आटपाडी, सांगोला, पंढरपूर. नाव लिहू नका असं त्यांनी निघतानाच सांगितलं, म्हणून इथे ते फक्त डॉक्टर.

दिवस पौषातले. पहाटे चांगली थंडी, दुपारी ऊन, शाळू हुरड्यात आलेला. या भागात जनावराला कोणता आजार कधी होणार हे पाऊस, पीक, यात्रा आणि धनगरांची वाट ठरवतात. त्यामुळे इथल्या डॉक्टरची नोकरी समजून घ्यायची असेल तर दवाखान्यात बसून भागत नाही, रस्ता धरावा लागतो.

गुरुवार : पुणे, शिरवळ, फलटण

सुरुवात पुण्यात औंधला. इथल्या पशुवैद्यकीय जैविक उत्पादन संस्थेत घटसर्प, फऱ्या, आंत्रविषार या जनावरांच्या आजारांवरच्या लसी तयार होतात आणि राज्यभरच्या दवाखान्यांत जातात. लस निघते तेव्हा २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये असते. तिची परीक्षा पुढच्या प्रवासात होते. लस तापली तर बिघडते हे सगळ्यांना माहीत असतं. गोठली तरी बिघडते हे फार जणांना माहीत नसतं. घटसर्पाची तेलयुक्त लस बर्फाला चिकटून गोठली की तेल आणि पाणी वेगळं होतं, मग ती टोचून उपयोग नाही. म्हणून डॉक्टर शीतपेटीत बर्फाच्या पिशव्या आणि बाटल्या यांच्या मध्ये वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या घालत. घटसर्पाची लस पावसाळ्याआधी, मे-जूनमध्ये टोचायची. पहिला पाऊस पडून साथ दिसायला लागल्यावर टोचली तर अंगात प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे जातात आणि तेवढ्यात जनावर हातचं जातं.

महामार्गावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय लागतं. ते १९८८ सालचं. डॉक्टरांच्या शिक्षणाच्या वेळी पश्चिम महाराष्ट्रातल्या मुलाला परळलाच जावं लागे, १८८६ साली सुरू झालेल्या मुंबईच्या महाविद्यालयात. गावातून गेलेली ही मुलं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयात घोडे, कुत्री आणि मांजरं तपासायला शिकायची आणि नोकरीला लागायची ती बैल आणि म्हशींच्या मुलखात. हात तयार व्हायचा तो नोकरीतच, जुन्या पर्यवेक्षकांच्या देखरेखीखाली.

लोणंदवरून फलटण गाठेपर्यंत दिवस कलला. नीरेच्या कालव्याचं पाणी आलं की मुलूख एकदम हिरवा होतो. दिवाळीनंतर माणदेशातले धनगर कळप घेऊन बाहेर पडतात. काही याच बागायती पट्ट्यात मोकळ्या रानात मेंढरं बसवतात. शेतकऱ्याला खत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. रस्त्याकडेच्या एका वाघुरीपाशी, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, थांबलो. डॉक्टरांना ओळखणारं तिथे कुणी नव्हतं, पण ते वाकून मेंढीची पापणी बघायला लागले तशी एक बाई पुढे आली.

“सायब, दोन दिस झालं, गळ्याखाली पानी धरलंय हिनं. चरत न्हाय.”

जबड्याखाली मऊ सूज, खालची पापणी ओढली तर आतला रंग पांढरट. निरोगी मेंढीची पापणी आतून लालसर गुलाबी असते. ही रक्त कमी झाल्याची खूण, आणि कोरड्या रानातून कालव्याच्या काठी आलेल्या कळपात पहिला संशय यकृतातल्या पर्णकृमींवर घ्यायचा. या कृमीचं निम्मं आयुष्य पाणथळ जागेतल्या गोगलगायीत जातं. तिथून ती गवताच्या पात्यावर चिकटते आणि मेंढीच्या पोटात जाते. माणदेशात गोगलगाय जगायला पाणीच नाही, त्यामुळे तिथल्या मेंढीला ही सवय नसते. साधं जंताचं औषध यावर चालत नाही, पर्णकृमीचं वेगळं औषध लागतं आणि ते एका मेंढीला देऊन भागत नाही, सगळ्या कळपाला वजनाप्रमाणे द्यावं लागतं. डॉक्टरांनी तिला जवळच्या दवाखान्यात लेंडी तपासायला न्यायला सांगितलं : चार-पाच मेंढ्यांची ताजी लेंडी, प्रत्येकीची वेगळ्या पुडीत, सकाळीच. आणि दव वाळेपर्यंत पाटाच्या कडेला चारू नका.

फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेचं मेंढीवरचं काम या व्यवसायातल्या माणसाने समजून घ्यावं असं आहे. दख्खनी मेंढीला बहुतेक वेळा एकच कोकरू होतं. बंगालच्या सुंदरबनातल्या लहानखुऱ्या गरोल मेंढीत जुळी देणारं एक जनुक आहे. ते इथल्या मेंढीत आणून संस्थेने ‘नारी सुवर्णा’ तयार केली. डॉक्टरांचं मत मात्र सरसकट शिफारस करण्याचं नाही. घरी दावणीला चारा देणाऱ्याने ही मेंढी जरूर घ्यावी. रोज दहा-पंधरा किलोमीटर चालणाऱ्या कळपात दोन कोकरांना पुरेल एवढं दूध आईला येत नाही, आणि मग दोन्ही अशक्त राहतात. हे पटण्यासारखं आहे.

शुक्रवार : मोगराळे घाट, दहिवडी, म्हसवड

सकाळी मोगराळे घाट चढला की हिरवाई मागे पडते. वर माळ, खुरटी बाभूळ, दगडी ताली आणि गार वारा. स्वेटर हवाच. पेट्रोल फलटणलाच भरून घेतलेलं बरं.

दहिवडी ही डॉक्टरांची पहिली नेमणूक. तेव्हा राज्यात दवाखान्यांच्या दोन श्रेण्या होत्या : श्रेणी एकला पदवीधर पशुवैद्यक, श्रेणी दोनला पर्यवेक्षक. त्या काळात डॉक्टर, एक व्रणोपचारक, एक परिचर आणि अंगणात लोखंडी खोडा एवढाच पसारा असे. खोडा म्हणजे जनावर उभं करून आडवे दांडे लावायची चौकट. तो नीट नसेल तर हात मोडतो, डॉक्टरचा. जनावर आत घेतल्यावर आधी पुढचा दांडा, मग मागचा, आणि मागचा दांडा गुडघ्याच्या वर व मांडीच्या खाली. फार वर लावला तर जनावर खाली बसतं आणि गुदाशयात घातलेला हात दांड्यावर अडकतो.

डॉक्टर इथे रुजू झाले तेव्हा बुळकांडीची लस टोचण्याचं काम वर्षभर चालायचं. ताप, डोळ्यांतून पाणी, हिरड्यांवर कोंडा सांडल्यासारखे व्रण, मग पाण्यासारखी हगवण आणि आठवड्याभरात मृत्यू. गावंच्या गावं रिकामी करणारा आजार. लस एकदाच, एक मिलिलीटर, कातडीखाली, आणि जवळजवळ जन्मभराची प्रतिकारशक्ती. पण पावडर मिठाच्या पाण्यात विरघळवली की बर्फावर ठेवून काही तासांत संपवावी लागे. म्हणून मध्यरात्री उठून बर्फ आणायचा, पहाटे जनावरं रानात सुटायच्या आत गावात पोचायचं, आणि ऊन चढायच्या आत शेवटची बाटली संपवायची. १९९५ नंतर देशात बुळकांडीचं जनावर सापडलं नाही. मग काम उलटं झालं : लस टोचणं बंद केलं आणि गावोगाव जाऊन हगवणीचं प्रत्येक जनावर तपासायचं, कारण लस चालू असताना रोग संपला हे सिद्ध करता येत नाही. २००६ साली भारत या रोगातून मुक्त ठरला, २०११ साली सगळं जग. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग. त्यात या अशा दवाखान्यांतल्या माणसांचा वाटा किती मोठा आहे, हे तालुक्याच्या गावातही आज कुणाला सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं.

गोंदवल्याला दुपारचा महाप्रसाद घेतला. रांग मोठी असली तरी पंगत भराभर हलते. बाराच्या आत पोचावं.

पुढे म्हसवडच्या अलीकडे एका रानात हुरडा खायला बसलो. शेणकुटांच्या आरात भाजलेली कणसं, हातावर चोळून गरम दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही आणि गूळ. रानमालकाने हुलग्याचं माडगंही करून ठेवलं होतं, थंडीत त्याच्यासारखं दुसरं काही नाही. बोलता बोलता बांधापलीकडच्या तुकड्याकडे डॉक्टरांचं लक्ष गेलं. तिथली ज्वारी पाण्याविना खुरटलेली, पोंगे कोमेजलेले, आणि जवळच दोन गाई सैल दाव्याने बांधलेल्या. ते उठले आणि मालकाला आधी दावी आखूड करायला लावली.

कोवळ्या, ताण बसलेल्या ज्वारीत सायनाइड तयार करणारं द्रव्य साठतं. दुष्काळात खुरटलेली ज्वारी आणि कापणीनंतर बुडख्यातून फुटलेले कोंब सगळ्यात घातक. जनावर पोटभर खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत धापा टाकतं, थरथरतं, पडतं. डोळ्याच्या आतली त्वचा लालभडक दिसते, कारण रक्तात प्राणवायू असतो पण पेशींना तो वापरता येत नाही. उतारा शिरेतून द्यायचा : सोडियम नायट्राइट आणि पाठोपाठ सोडियम थायोसल्फेट. मोठ्या जनावराला पूर्वीपासून ३ ग्रॅम आणि १५ ग्रॅम, २०० मिलिलीटर निर्जंतुक पाण्यात, असं प्रमाण चालत आलं आहे. हे डॉक्टरनेच द्यायचं औषध आहे, नायट्राइट जास्त झालं तर तेही मारतं. अडचण औषधाची नसते, अंतराची असते. वीस किलोमीटरवरून निघालेल्या डॉक्टरच्या हाती बहुतेक वेळा मेलेलं जनावर येई. म्हणून या मोसमात डॉक्टर दर ग्रामसभेत तेच सांगत : फुलोऱ्यात येण्याआधी ज्वारी चारू नका, कापून नीट वाळवलेला कडबा खुशाल द्या, आणि उपाशी जनावर ज्वारीच्या रानाजवळून नेऊ नका.

मुक्काम म्हसवडला. सिद्धनाथाचं मंदिर, माणगंगेचं कोरडं पात्र, संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि खर्डा. २०१२-१३ च्या दुष्काळात इथे चारा छावणी होती. डॉक्टर तेव्हा निवृत्तीच्या तोंडावर होते. हजारो जनावरं एका माळावर आली की डॉक्टरचं काम औषध देणं कमी आणि जागा आखणं जास्त असतं : येणारं जनावर आत घेण्याआधी लाळ्या-खुरकुताची लस झाली आहे का बघणं, आजारी जनावरांचा गोठा वाऱ्याच्या खालच्या बाजूला, पाण्याचे हौद वेगळे, शेण रोज उचलणं. छावणीत चारा म्हणून उसाचं वाढं जास्त येई. नुसत्या वाढ्यावर महिनोन् महिने ठेवलं की त्यातलं ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. गाई दुधाला कमी होतात, व्यायल्यावर उठत नाहीत. त्यावर रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि मिळेल तेवढा कडबा, इतका साधा उपाय. साधा, पण तो हजारो दावणींपर्यंत रोज पोचवणं हीच सगळी मेहनत.

शनिवार : दिघंची, आटपाडी, खरसुंडी

आटपाडीचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार बघायचा तर उजाडायच्या आत पोचा. नऊनंतर चांगला माल उरत नाही. फोटो काढण्याआधी विचारा. सौदा चालू असताना मध्ये बोलू नका. इथे भाव रुमालाखाली बोटं धरून ठरतो आणि दोघांपैकी कुणाचाही हात तुमच्यामुळे सुटला तर ते कुणालाच आवडत नाही.

माडग्याळ मेंढी लांबूनच ओळखू येते : उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, पोपटाच्या चोचीसारखं बाक असलेलं नाक. नाकाचा बाक जितका जास्त तितका मेंढ्याचा भाव जास्त. डॉक्टरांना हे आवडत नाही. फार वाकड्या नाकाच्या मेंढ्याचे वरचे-खालचे जबडे जुळत नाहीत, त्याला खुरटं गवत तोडता येत नाही, आणि तोच दोष पुढच्या पिढीत उतरतो. नाक बघा, पण आधी तोंड उघडून दात हिरडीवर बसतात का ते बघा, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते. काही जण ऐकत होते.

बाजाराच्या कडेला चहा घेताना एक म्हातारे गृहस्थ डॉक्टरांच्या पाया पडायला आले. त्यांच्या बैलाचं शिंग डॉक्टरांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी कापलं होतं आणि बैल त्यानंतर आठ वर्षं चालला. शिंगाचा कर्करोग हा खिलारचा जुना वैरी. लांब शिंगांचे, खच्ची केलेले, मध्यम वयाचे बैल यात जास्त सापडतात. सुरुवातीच्या खुणा बारीक असतात : बैल डोकं झटकतो, एक शिंग झाडावर घासतो, त्याच बाजूच्या नाकपुडीतून कधीमधी रक्ताळ पाणी येतं. शिंगाच्या बुडाला हात लावला तर दुसऱ्यापेक्षा गरम. पुढे शिंग एका बाजूला कलतं, तोवर गाठ कवटीच्या पोकळीत पोचलेली असते आणि मग कापूनही ती परत येते. त्यामुळे डोकं झटकण्याच्या टप्प्यालाच दाखवायला आणणं महत्त्वाचं.

बधिर करण्यासाठी डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचं बूड यांच्या मधोमध, हाडाच्या कडेखाली, दोन टक्क्यांच्या लिग्नोकेनचं पाच ते दहा मिलिलीटरचं इंजेक्शन. दहा मिनिटं थांबून बुडाभोवती सुई टोचून बघायची. बैल हलला तर परत द्यायचं, घाई करायची नाही. शिंग बुडाशी कापल्यावर रक्तवाहिन्या एकेक धरून बांधाव्या लागतात. डाग देऊन रक्त थांबवण्याची जुनी पद्धत डॉक्टरांनी लवकरच सोडली, कारण जळालेल्या मांसावर माशी बसते आणि आठवड्यात आळ्या पडतात. पौष-माघात शस्त्रक्रिया केली तर माशी कमी. पावसाळ्यात करावीच लागली तर रोज मलमपट्टी, आणि ती शेतकरी करेल याची खात्री झाल्याशिवाय हत्यार हातात घ्यायचं नाही.

दुपारी खरसुंडी. पौषातल्या सिद्धनाथाच्या यात्रेला खिलार जनावरांचा मोठा बाजार इथे भरतो. आटपाडी महाल, म्हसवड हे खिलारचे नावाजलेले प्रकार याच परिसरातले. काळपट झाक असलेला कोसा खोंड माळावर उभा असला की नजर हटत नाही. वयाची भाषा दातांची : दुधाचे दात असले तर आदत, दोन दात पालटले की दुसा, चार पालटले की चौसा, आठही आले की जुळलेला. पहिली जोडी साधारण दोन-अडीच वर्षांत पालटते, आठ दात साडेचार-पाच वर्षांत पुरे होतात. विकणारा तोंड उघडू देत नसेल तर तिथून पुढे व्हावं.

यात्रेच्या काळात डॉक्टरांकडे येणारी निम्मी जनावरं पोटाची असत. प्रेमाने चारलेल्या पुरणपोळ्या आणि भात. पिठूळ अन्न एकदम जास्त गेलं की पोटात आम्ल वाढतं, जनावर रवंथ थांबवतं, पोट गच्च, मग आंबूस वासाची पातळ हगवण. लवकर कळलं तर १०० ते १५० ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून पाजावा, डोकं फार वर न उचलता, हळूहळू. ठसका लागला तर लगेच थांबावं, पाणी फुप्फुसात गेलं तर ते दुखणं मूळच्यापेक्षा वाईट. जनावर बसून राहिलं तर घरच्या उपायात वेळ घालवू नये.

रविवार : सांगोला

रविवारचा सांगोल्याचा बाजार मोठा. गाई, म्हशी, बैल, शेळ्या सगळं. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी पसरला तेव्हा राज्यातले जनावरांचे बाजार बंद झाले होते. डॉक्टर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली असली तरी ओळखीच्या वस्त्यांवर लसीकरणाला हात लावायला गेले. शेळ्यांच्या देवीची लस गाईला, एक मिलिलीटर, कातडीखाली. अंगावर गाठी, पायाला सूज, ताप. मोठ्या गाई बऱ्याचशा वाचत, वासरं दगावत. हा आजार माशा, डास आणि गोचिडांमुळे पसरतो. त्यामुळे गोठा कोरडा ठेवणं आणि जखमेला माशी बसू न देणं हेच हातातलं काम.

बाजारात दुभती गाय घेणाऱ्यासाठी डॉक्टरांची पद्धत अशी. कानातला बारा अंकी बिल्ला आणि त्याची नोंद आधी बघायची. मग चारही सडांची पहिली धार काळ्या कापडावर काढायची. गुठळी किंवा पाणी दिसलं तर काससुजी. कास दाबून बघायची, दूध काढल्यावर ती पिशवीसारखी मऊ पडली पाहिजे; दगडासारखा भाग राहिला तर तो सड गेला समजावं. बाजाराच्या दिवशी कास ताठ दिसावी म्हणून आदल्या रात्रीपासून दूध तुंबवून आणतात, त्यामुळे एका धारेवरून दुधाचा अंदाज बांधू नये. जमलं तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन लागोपाठ तीन वेळा धार काढून बघावी. घरी आणलेलं जनावर तीन आठवडे बाकीच्यांपासून दूर बांधावं. जागा नाही म्हणून हे कुणी करत नाही, आणि लाळ्या-खुरकूत बहुतेक वेळा असाच दावणीला येतो.

खोंडांच्या भावात इथे बैलगाडा शर्यतीचा इतिहास दिसतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या तसा खिलार खोंडाला गिऱ्हाईक उरलं नाही, अनेकांनी खिलार गाय विकून संकरित बांधली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि २०२३ साली घटनापीठाने कायदा कायम ठेवला, तसे भाव परत उसळले. डॉक्टरांना यात आनंद आणि काळजी दोन्ही आहे. जात टिकली याचा आनंद. काळजी ही की शर्यतीच्या एखाद-दुसऱ्या वळूचीच पैदास सगळ्यांना हवी असते, आणि मग नात्यातल्या नात्यात गाई फळतात.

चहाच्या टपरीवर त्यांनी कृत्रिम रेतन का फसतं ते सविस्तर सांगितलं, कारण बाजूला बसलेल्या तरुणाची गाय चौथ्यांदा उलटली होती, म्हणजे भरूनही गाभण न राहता परत माजावर आली होती. त्यांच्या सुरुवातीच्या काळात थर्मासमध्ये बर्फावर ठेवलेलं पातळ वीर्य असे, ते दोन-तीन दिवसच टिके. मग उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या पाव मिलिलीटरच्या कांड्या आल्या. पात्रातलं नायट्रोजन रोज थोडं उडतं. लाकडी पट्टी आत बुडवून बाहेर हलवली की जिथपर्यंत बर्फाची पांढरी रेघ येते तेवढी पातळी. हे आठवड्यातून दोनदा बघायचंच. कांडी शोधताना डबी पात्राच्या गळ्यात दहा सेकंदांपेक्षा जास्त धरली तर बाकीच्या कांड्याही खराब होतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद, मग पुसून कोरडी करायची, कारण पाण्याचा थेंब आत गेला तरी शुक्रजंतू मरतात. वीर्य गर्भाशयाच्या मुखातून नेमकं पलीकडे सोडायचं, त्याहून खोल नाही. आणि वेळ : सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी.

“माज कधी दिसला?” त्यांनी तरुणाला विचारलं.

“दिसला की लगेच फोन करतो, सर.”

“आणि भरतात कधी?”

“तासाभरात.”

चार वेळा उलटण्याचं निदान टपरीवरच झालं, असं मात्र डॉक्टरांनी म्हटलं नाही. वेळ सुधारा, आणि तरी उलटली तर गर्भाशयाची तपासणी करून घ्या, सोटाचा, म्हणजे माजावरच्या चिकट स्रावाचा, रंग बघा. काचेसारखा स्वच्छ असेल तर भरा, गढूळ असेल तर आधी उपचार.

सोमवार : पंढरपूर

सांगोल्याहून पंढरपूर तासाभराचा रस्ता. कार्तिकीला वाखरीच्या पालखी तळावर जनावरांचा मोठा बाजार भरतो. बाकीच्या दिवसांत ते मैदान मोकळं असतं. दर्शन करायचं असेल तर सोमवारी सकाळी गर्दी त्या मानाने कमी.

पंढरपुरी म्हशीची शिंगं तलवारीसारखी मागे खांद्यापलीकडे जातात. शिंगांच्या वळणावरून भारकंड, टोकी अशी नावं. अंगाने मध्यम, निकृष्ट चाऱ्यावर दूध देणारी, आणि गर्दीत शांत राहणारी. म्हणूनच कोल्हापूरच्या गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायला हीच म्हैस चालते.

डॉक्टरांची शेवटची नेमणूक इथली आणि आता घरही इथेच. म्हशीच्या भागात डॉक्टरला रात्री उठवणारं कारण एक : गर्भाशयाला पीळ. दिवस भरलेली म्हैस कळा देते, पाय झाडते, पण पाण्याची पिशवी दिसत नाही. हात घातला तर मार्ग गोफासारखा वळलेला लागतो. म्हशीत पीळ बहुतेक उजवीकडे असतो. उपाय औषधाचा नाही, युक्तीचा. ज्या बाजूला पीळ त्याच बाजूवर म्हशीला झोपवायचं, पुढचे दोन आणि मागचे दोन पाय वेगवेगळे बांधायचे. नऊ-दहा फुटांची रुंद फळी पोटावर तिरकी ठेवून तिचं खालचं टोक जमिनीला टेकवायचं. एक माणूस फळीवर उभा राहतो, म्हणजे वासरू आत जागेवर राहतं, आणि बाकीचे पाय ओढून म्हशीला पिळाच्याच दिशेने एका दमात पालथी घालतात. शरीर फिरतं, गर्भाशय थांबतं, पीळ सुटतो. प्रत्येक लोळणीनंतर हात घालून बघायचं. तीन-चार लोळण्यांत सुटला नाही तर पोट उघडावं लागतं. माणसं किमान सहा-सात हवीत, आणि फळीवरचा माणूस हलका नको, जडही नको.

यात वेळ हाच जीव. पहिल्या बारा तासांत आलेल्या म्हशी सहसा वाचतात. दीड-दोन दिवस गावठी औषध करून आणलेल्या म्हशीत वासरू मेलेलं, गर्भाशय काळं पडलेलं असतं. व्यायल्यावर वार अडकली तर तिला दगड किंवा चप्पल बांधून ओढण्याची चाल अजून आहे. आठ-बारा तास वाट बघावी, ओढू नये. तुटून आत राहिलेला तुकडा गाभण राहण्याची पुढची संधी घालवतो.

डॉक्टरांच्या हातांचे सांधे दुखतात. कितीतरी वर्षं हातमोज्याविना वार काढण्यात त्यांना ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांत गर्भपात घडवणारा आणि त्यांच्याकडून माणसाला लागणारा रोग, झाला होता. संध्याकाळी चढणारा ताप, घाम, पाठदुखी, आणि निदान व्हायला महिने. या व्यवसायातला हा नेहमीचा धोका. गर्भपात झालेल्या जनावराची वार आणि मेलेलं वासरू उघड्या हाताने कुणीच धरू नये, कुत्र्यांना टाकू नये, चुना टाकून खोल पुरावं. कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात या रोगाची लस एकदाच टोचतात. ती जिवंत लस आहे, टोचणाऱ्याच्या बोटात सुई गेली तरी आजार होऊ शकतो, म्हणून तिथे हातमोजे आणि चष्मा दोन्ही लागतात.

निवृत्तीनंतरही त्यांचा फोन दिवसभर वाजतो. ते आता खोड्याशी उभे राहत नाहीत, पण ऐकतात आणि कुठे जायचं ते सांगतात. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, आणि तिथे बोलताना काय सांगायचं याची त्यांची यादी माणदेशातल्या प्रत्येक गोठ्यात लिहून लावावी अशी आहे : कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, जनावराचं वय आणि वेत, व्यायला किती दिवस झाले, शेवटचा चारा काय आणि कधी खाल्ला, शेवटचं शेण आणि लघवी कधी, आधी कोणतं औषध दिलं. ताप मोजता आला तर उत्तम : साधा तापमापक गुदद्वारात दोन मिनिटं, आतल्या भिंतीला टेकवून, शेणात नाही. निरोगी गाईचं तापमान १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट. आणि पथक येईपर्यंत जनावर सावलीत, डोकं उंच बाजूला, छातीवर बसतं ठेवायचं. आडवं पडू दिलं तर पोट फुगतं.